यशवंतराव आणि चार ठोके

परवा मोबाईलवरच्या आमच्या चाहत्यांच्या गटात कुणीतरी पुन्हा तोच वाद उकरून काढला. ‘चुनखडी’ बँड मोडल्यावर त्याचा गायक समर यानं एकट्यानं काढलेला पहिला अल्बम, ‘उरलेलं पाणी’, चांगला की वाईट? तासाभरात मेसेजचा ढीग पडला. एक म्हणतो, समर बँडपेक्षा मोठा झाला. दुसरा म्हणतो, बँड नसेल तर समर म्हणजे नुसता गळा. मग दरवेळी येतं तसं ते वाक्य आलंच: गाणी बरी आहेत, पण ड्रममध्ये जीव नाही, मशीन लावलंय. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी गटातून बाहेर पडले.

यशवंतराव नरवाडे असते तर त्यांनी मला असं बाहेर पडू दिलं नसतं. ‘पळून काहून जाता मॅडम, आधी त्याच्या बाजूनं बोला,’ असं म्हणून त्यांनी मला बसवलं असतं. ते जाऊन आता दीड वर्ष झालं. दुकानात काम करता करताच गेले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी लिहिते आहे.

वारंगा फाट्यावर नांदेडच्या बाजूला त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली जुनी तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, वेढे मोजून, वार्निश मारून, वाळवून परत द्यायची. या कामाला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. बारीक अंगाचा, पन्नाशीतला माणूस. बोटं वार्निशनं पिवळी. चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि ती इतक्या सफाईनं बांधलेली, की मूळची दांडी तशीच असावी असं वाटायचं. चालू मोटारीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही त्यांची तपासणी. दहा सेकंद ऐकून सांगायचे, ‘मागचं बेअरिंग गेलं. वायंडिंग चांगलं हाय, फुकट खोलू नका.’

मी बाळापूरला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझ्या घरची मोटार एका उन्हाळ्यात जळाली तेव्हा मी ती घेऊन त्यांच्याकडे गेले. शिकवायची खोड जात नाही, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं की करंट कसा वाढतो आणि त्यानं माझी मोटार कशी जळाली हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोटार खोलली आणि आतली कोळसा झालेली पाल चिमट्यात धरून मला दाखवली. म्हणाले, ‘तुमचं बराबर हाय मॅडम. पण ही पण होती.’

तेवढ्यात दुकानाच्या कोपऱ्यात गाणं सुरू झालं. पाण्याचा जुना माठ होता, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवलेला. आवाज घुमून येत होता, पण गाणं ओळखीचं होतं. औरंगाबादला होस्टेलवर असल्यापासून मला गिटारचा कडकडाट आवडतो, आणि ‘चुनखडी’ हा तर आपल्या नांदेडच्या पोरांचा बँड. वारंगा फाट्यावर, जळक्या मोटारींच्या वासात तो ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. मी आनंदानं म्हणाले, ‘गाणं झकास आहे, पण यांचा ड्रमवाला जरासा मागं राहतो बघा.’

यशवंतरावांचा हात थांबला. ‘किती मागं?’

‘अगदी थोडा. डावा हात.’

त्यांनी हातातली पक्कड ठेवली, पलीकडच्या टपरीला हाक मारून एक चहा जास्तीचा सांगितला आणि म्हणाले, ‘बसा.’

ते बसणं पुढं सहा वर्षं चाललं. त्या पहिल्या दिवशी मी बाहेर पडले तेव्हा शेजारच्या पंक्चरच्या दुकानातले सलीमभाई मला हळूच म्हणाले, ‘मॅडम, वो ड्रम बजाने वाला उनका सगा भाई है. नागसेन. आजतक किसीने उसका लेफ्ट हाथ नहीं पकडा था.’ माझी धांदल उडाली. परत जाऊन माफी मागावी की काय असं वाटलं, पण सलीमभाई म्हणाले, नको, वो खुश है.

नागसेन त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे भाऊ कमी आणि बाप जास्त असा हा माणूस होता. त्या डाव्या हाताची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली, तीही तार गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता. जयंतीला कडुलिंबावर भोंगा बांधायचा होता. यशवंतराव खालून वायर देत होते आणि वर नागसेनला चढवलं होतं. फांदी मोडली. मनगट हाडवैद्याकडून बसवून घेतलं ते तिरकंच बसलं. ‘म्या चढवलं होतं त्याला,’ एवढंच ते म्हणाले आणि वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. पुढं पोरगं ढोलकीवर बसलं, ढोलकीवरून ड्रमवर गेलं, पण डावा ठोका कायम तसूभर उशिरा पडायचा. बाकीच्या जगाला ती बँडची खासियत वाटायची. यशवंतरावांना त्या प्रत्येक ठोक्यात फांदी मोडलेली ऐकू येत असणार.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं दुकानात जमायचो. यशवंतराव, सलीमभाई, मी आणि बालाजी. बालाजी जवळच्याच गावचा, हळद पिकवणारा, आमच्यात सगळ्यात तरुण आणि सगळ्यात भाबडा. समरचा तो इतका भक्त, की हळदीच्या वाफ्यांवर तुषार सिंचन चालू करतानासुद्धा समरचीच गाणी लावायचा. या जमण्याला यशवंतरावांनी नाव दिलं होतं ‘उलट बैठक’, आणि तिचा कायदा कडक होता. ज्याला गाणं आवडलं त्यानं आधी गाण्याच्या विरोधात बोलायचं. ज्याला आवडलं नाही त्यानं बाजूनं बोलायचं. खोटं बोलायचं नाही, गाण्यात असलेलंच शोधून सांगायचं. सगळ्यांचं उलट बोलून झालं की मग हवं ते बोला.

हा कायदा त्यांच्या वडिलांचा. वडील गायन पार्टी चालवायचे. जयंतीच्या महिन्यात एका मंचावर दोन पार्ट्यांचा सामना व्हायचा, पहाटेपर्यंत एकमेकांवर गाणी फेकली जायची. गावी परतल्यावर वडील सगळ्या कलाकारांना बसवायचे आणि समोरच्या पार्टीचं काय चांगलं होतं ते प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे. आपलं काय फसलं ते ज्याला सगळ्यात जास्त दाद मिळाली त्यानं सांगायचं. ‘आमचा बाप म्हणायचा, दुसऱ्याचं गाणं ज्याला ऐकू येत न्हाई त्याला सोताचं बी येत न्हाई,’ हे यशवंतराव आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे.

एकदा एका गाण्याला सलीमभाई ‘फटा हुवा सायलेन्सर’ म्हणाले आणि नियमाप्रमाणे त्यांच्यावरच त्याची बाजू घ्यायची पाळी आली. त्यांनी आधी हात वर केले. मग डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, गाणारा ओरडतोय खरा, पण शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो तिथं तो थांबत नाही, पुढं जातो, और वो जो आगे जाता है ना, वो सच्चा है. पुढच्या रविवारी ते गाणं त्यांच्या मोबाईलची रिंगटोन झालेलं. ‘यशवंतभाई, तुमने मेरा टेस्ट खराब कर दिया,’ ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. माझंही एकदा असंच झालं. मला जीव की प्राण असलेल्या एका गाण्याविरुद्ध बोलायला यशवंतरावांनी मला भाग पाडलं. बोलता बोलता त्यातला खोटेपणा मलाच दिसला. मी इतकी चिडले की दोन रविवार गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी गेले तर त्यांनी माझं स्टूल पुसून ठेवलं होतं. ‘राग उतरला का? बसा आता,’ म्हणाले. मला तेव्हाही त्यांचा राग आला होता आणि तो आला याचं आज बरं वाटतं.

‘चुनखडी’ मोडला तो आतल्या भांडणांनी. बँडबरोबर पुण्याला गेलेला नागसेन परत आला, नांदेडला पोरांना ड्रम शिकवायला लागला, मोटारसायकलवर जाऊन येऊन. मग एकदा समरचा फोन आला म्हणून चार दिवस पुण्याला जाऊन आला. ‘काय वाजवलं रे?’ यशवंतरावांनी विचारलं तर म्हणाला, ‘काही न्हाई दादा, तुकडे तुकडे. तो म्हणला नुसतं वाजवत राह्य, मी वाजवत राहिलो.’ त्यानंतर दोन महिन्यांनी, हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं ना दिवा होता ना लाल पट्टी. नागसेन छत्तीस वर्षांचा होता.

मी गेले तेव्हा यशवंतराव अंगणात बसले होते आणि लोकांना पाणी विचारत होते. रडले नाहीत. त्यांची माय भिंतीला टेकून बसली होती. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रत्येक येणाऱ्याला ती मोठ्यानं विचारत होती, ‘तुमी माझ्या नागूला वळखीत होता का?’ समर आला नाही. त्याचा मेसेज आला, ‘नागसेन आमच्यात कायम राहील.’ यशवंतरावांनी तो मला दाखवला, मोबाईल खिशात टाकला आणि पुढं कितीतरी महिने त्या माणसाचं नाव घेतलं नाही. तीन महिन्यांनी रविवारची बैठक पुन्हा सुरू केली, पण ‘चुनखडी’चं गाणं दुकानात लागलं नाही. आम्हीही कुणी लावा म्हटलं नाही.

आणि पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी समरचा अल्बम आला. नऊ गाणी. नांदेड, पुणे, लातूर, कुठून कुठून चाहते आमच्या त्या मोबाईलच्या गटात भांडायला लागले. आम्ही तिघं आपापल्या घरी चोरून ऐकत होतो. दुकानात विषय काढायची छाती कुणाची नव्हती. शेवटी यशवंतरावच म्हणाले, ‘गटात सगळे भांडून राहिले आन् आपून गप बसलो. येत्या रविवारी आणा त्या अल्बमला बैठकीला.’

त्या रविवारी माठावरच्या स्पीकरवर नऊच्या नऊ गाणी ओळीनं वाजली. यशवंतराव स्टुलावर, माठावर हात ठेवून. तिसऱ्या गाण्याला त्यांनी मान वर केली. नंतर पूर्ण वेळ डोळे मिटून होते. मला वाटलं, सहन होत नसेल.

नियमाप्रमाणे आधी बालाजी. त्याला अल्बम वेड लागण्याइतका आवडला होता, म्हणजे त्यानं दोष काढायचा. बिचारा घामाघूम झाला. शब्दांत दोष नाही, गिटारमध्ये नाही, गळ्यात तर नाहीच. मग गटात जे सगळे म्हणत होते तेच त्यानं उचललं, आणि बैठकीत नेहमी करायचा तसं जरा रंगवून म्हणाला, ‘काका, ड्रम बेकार हाय. मशीन हाय ते. मेलेल्या माणसानं वाजवल्यावानी वाटतं.’

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण कुणासमोर काय म्हणालो ते. त्याचा चेहरा उतरला. सलीमभाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. यशवंतराव म्हणाले, ‘काही न्हाई. तुझी पाळी होती, तू बोलला. आता माझी.’

समरवर त्यांच्याएवढा राग धरून बसलेला दुसरा माणूस तिथं नव्हता. म्हणून त्यांना बाजूनं बोलायचं होतं. कुणी सूट दिली असती तर त्यांनी घेतली नसती. ते सावकाश, मोटार खोलावी तसे बोलले.

‘पयल्या गाण्यात तो वरडत न्हाई. बँडमधी असता तर वरडला असता, लोक टाळ्या देत्यात म्हणून. इथं त्याला टाळी नको हाय. चौथ्यात गिटार दोनदा थांबती आन् दुसऱ्यांदा थांबल्यावर आपल्याला भेव वाटतं, आता हा परत येतो का न्हाई. ते त्यानं बराबर केलं. सातवं गाणं बापावर हाय. बापाला त्यानं मोठं केलं न्हाई, लहान बी केलं न्हाई. हे जमायला लई अवघड हाय. माणूस कसा का असंना, गाणी चांगली हायेत.’ मग त्यांनी चष्मा काढला. ‘आता ड्रम. बालाजी म्हणला मशीन हाय. मशीन न्हाई ते. नागू हाय.’

अल्बमच्या माहितीत स्वच्छ लिहिलं होतं, ड्रम प्रोग्रॅमिंग : समर, म्हणजे ड्रम मशीनवर रचलेला. नागसेनचं नाव कुठंच नव्हतं. बालाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार हा आला, की दुःखानं यांना भास व्हायला लागले.

तो विचार माझा मलाच आवडला नाही, म्हणून मी घरी जाऊन लॅपटॉप उघडला. गाण्यातला ड्रम जिथं उघडा ऐकू येतो अशा जागा काढल्या, ध्वनीच्या रेषा पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या आणि ‘चुनखडी’च्या जुन्या गाण्यांशी ताडून पाहिल्या. यशवंतरावांचं बरोबर होतं. डावा ठोका उशिरा पडत होता, तोच हात होता. हेडफोन लावून ऐकलं तर दर चौथ्या ठोक्यानंतर अगदी बारीक, माणसानं श्वास आत घेतल्याचा आवाज होता. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मग आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या गाण्यांत डावा ठोका दरवेळी थोडा वेगळा उशिरा पडायचा, माणूस दोनदा तंतोतंत सारखं वाजवूच शकत नाही. इथं मात्र लयीच्या हिशेबानं प्रत्येक वेळी तेवढाच उशीर, तेवढाच जोर, तोच श्वास. नागसेननं चार दिवस वाजवलं त्यातले समरनं चार ठोके कापून घेतले होते आणि तेच कुठं हळू, कुठं जलद करून नऊ गाण्यांत चिकटवले होते. गटातले लोक म्हणत होते मशीन, यशवंतराव म्हणत होते नागू, आणि दोघंही चुकीचे नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर थेट फाट्यावर गेले. शोध लावल्याचा आनंद माझ्या अंगात होता हे मला आज लाजेनं कबूल केलं पाहिजे. लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला, ‘तुमचं खरं ठरलं’ म्हणाले, रेषा दाखवल्या, श्वास ऐकवला. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी थांबायला हवं होतं. पण मी शिकवत होते. मी पुढचंही सांगितलं.

‘म्हंजी नऊ गाण्यात सगळा नागू न्हाई?’

‘नाही. एकच तुकडा आहे. चार ठोके.’

‘चारच?’

‘चारच.’

त्यांनी मान हलवली. ‘बराबर हाय,’ म्हणाले. रविवारपासून त्यांनी मनात धाकट्या भावाचा एक पूर्ण अल्बम बाळगला होता, तो मी एका वाक्यात त्यांच्याकडून काढून घेतला. मला कुणी विचारलं नव्हतं. हे ओझं माझ्यावरून उतरलेलं नाही.

मग त्यांनी समरला फोन केला. मी आणि सलीमभाई शेजारीच होतो. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. ‘समर, नागूचं नाव तेवढं टाका. दुसरं काही नको आमाला.’ पलीकडून तो आदरानंच बोलत होता, दादा दादा करत. तो म्हणाला, दादा, ते फक्त सॅम्पल आहे, चार ठोक्यांचं कुणी नाव देत नाही, एकदा दिलं तर सगळ्यांचंच द्यावं लागेल. शेवटी म्हणाला, बघतो. यशवंतराव आठवडाभर सकाळ-संध्याकाळ अल्बमची माहिती उघडून बघायचे. बोटाला लागलेलं वार्निश काचेवर उमटायचं, ते शर्टानं पुसायचे आणि परत बघायचे.

ते बघवेना म्हणून बालाजीनं सगळं गटात लिहिलं, माझ्या रेषांच्या फोटोंसकट. त्याला वाटलं, चाहते पेटून उठतील. पेटले, पण आमच्यावर. कुणी म्हणालं, मेलेल्या भावाच्या नावावर प्रसिद्धी हवी आहे. कुणी म्हणालं, मोटारवाला आता आपल्याला म्युझिक शिकवणार. थोडे बाजूनंही बोलले, पण ते समरच्या द्वेषापोटी, त्यांना नागसेनशी घेणं नव्हतं. यशवंतरावांनी सगळं वाचलं. मग गटात त्यांचा एकच मेसेज आला, वेडंवाकडं टाइप केलेला: ‘गाणी चांगली आहेत. आधी ऐका. ड्रम माझ्या भावाचा आहे. भांडू नका.’ त्यावर हसणारी पिवळी तोंडं आली. सलीमभाईंनी त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं आणि यशवंतरावांशेजारी नुसते बसून राहिले.

या सगळ्याची बातमी कुणीतरी घरी मायला सांगितली. ती एवढीच, की तुमचा नागू मोबाईलात वाजवतोय.

त्या शनिवारी माझं कॉलेज अर्धाच दिवस होतं. दुपारी फाट्यावर गेले तर म्हातारी दुकानात येऊन बसलेली. पत्र्याखाली ऊन तापलेलं, तिच्या कपाळावर घाम. ऐकव म्हणून तिनं सकाळपासून हट्ट धरला होता. गाणं तिला नको होतं, नागू हवा होता. मी श्वासासकट तेवढा तुकडा वेगळा काढून यशवंतरावांना दिला होता, एकामागं एक लागत राहील असा. बालाजीचे मोठे हेडफोन त्यांनी पदरावरूनच तिच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला. बाहेर उभ्या उभ्या मलाही ते ठोके बारीक ऐकू येत होते.

आधी म्हातारीचा चेहरा फुलला. मांडीवर बोटं हलायला लागली. ‘त्योच हाय,’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘माझा नागू हाय.’ यशवंतराव तिच्यासमोर उकिडवे बसले होते आणि ती हसली तसे तेही हसले. भाऊ गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. चार ठोके, श्वास. चार ठोके, श्वास. बराच वेळ गेला. मग म्हातारीची बोटं थांबली. ती कान देऊन ऐकायला लागली, कपाळाला आठ्या पडल्या.

‘यशवंता, लई येळ झाला, वाजवूनच राहिलं लेकरू. दम लागला त्याला. थांबव म्हण की त्या लोकायला.’

यशवंतरावांनी मोबाईल बंद केला. हेडफोन काढून त्यांची वायर नीट गुंडाळली. मग माझ्याकडे मोबाईल दिला. ‘मॅडम, मला शुद्ध लिहिता येत न्हाई. समरला लिहा.’

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. ‘नाव टाकू नका. ते चार ठोके अल्बममधून काढून टाका. दुसऱ्या कुणाचे घाला, मशीनचे घाला. त्याला सोडा. ही विनंती.’ त्यांनी ते दोनदा वाचलं, ‘विनंती’च्या आधी ‘हात जोडून’ घालायला लावलं आणि पाठवलं. मेसेज पोचला, तो वाचला गेल्याचंही दिसलं. उत्तर त्या दिवशी आलं नाही आणि यशवंतराव गेले तोवर, पुढच्या दोन महिन्यांत, कधीच आलं नाही. अल्बम जसाच्या तसा आहे.

मला तेव्हापासून परीक्षांचं काम लागलं, त्यानंतर मी फाट्यावर गेले ती त्यांच्या मातीलाच. म्हणून मला त्यांचं शेवटचं आठवतं ते त्या शनिवारचं. मी स्कूटर चालू करत होते. आत ते मायच्या पायात चपला घालत होते, तिला घरी न्यायला. तिनं त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि विचारलं, ‘थांबला का रे?’

ते तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले, ‘थांबला माय. बसलाय आता निवांत.’

मग तिचा हात धरून ते रस्ता ओलांडायला उभे राहिले. नांदेडकडून ट्रक येत होते, एकामागं एक, आणि दोघंही बराच वेळ तिथंच उभे होते.